घरचा आवाज

मनमोहन थेटर पाडल्यापासून आमच्या यवतमाळात सगळ्यांनाच त्याचा पुळका आला आहे. ते चालू होतं तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, पोरींना त्या रस्त्यानेसुद्धा जाऊ दिलं नाही, तेच आता त्याचा एकुलता एक पिवळट फोटो व्हॉट्सॲपवर फिरवतात आणि खाली रडके चेहरे टाकतात. परवा एक गृहस्थ घरी आले. गावाची स्मरणिका काढताहेत म्हणे. "बाई, तुम्ही थेटरच्या मागेच राहता, थेटरचा इतिहास लिहून द्या ना दोन पानं." मी म्हटलं, कोणी बांधलं नि केव्हा बांधलं ते मला ठाऊक नाही, मला त्यातला एक माणूस ठाऊक आहे. गृहस्थांना माणूस नको होता. चहा पिऊन गेले. म्हणून हे मी कोणाच्या स्मरणिकेसाठी लिहीत नाही.

माणूस म्हणजे दौलत मास्तर. मनमोहन थेटरचे नकलाकार. मी आर्णीहून लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा ते शेजारच्या दोन खोल्यांत राहत होते, बरोबर कौसल्याबाई. आमच्या स्वयंपाकघराच्या आणि त्यांच्या खोलीच्या मधे एकच भिंत, तीही एका विटेची. तिकडे पळी पडली तर इकडे कळायचं.

मास्तरांच्या चेहऱ्यावर लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. हडकुळा माणूस, पांढरा पायजमा, गळ्याला बारमाही रुमाल, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. बाजारात चार वेळा आडवे आले तरी ओळखू येऊ नयेत असे. जे होतं ते सगळं गळ्यात होतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून मी गॅस बंद केला, आणि वरण कच्चं राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अवं, तुह्या कुकरच्या शिट्ट्या नाही त्या. तो मेला मास्तर हाय तिकडे." मी तणतणत त्यांच्या दारात गेले. आत कौसल्याबाई हसून हसून खाली बसलेल्या, आणि मास्तर हात जोडून उभे. "चुकलं वहिनी. सवय हाय गयाले. कोनता आवाज कानावर पडला का तो निघून राह्यते."

पुढे एकदा मी ऑफिसातून येत होते, तर गल्लीच्या तोंडाशी मीच भाजीवालीशी घासाघीस करत होते. तोच चढा सूर, "कोथिंबीर वरून टाकली नाही तर घेतच नाही" हे तेच पालुपद. वळून पाहते तर मास्तर, आणि भाजीवाली तोंडाला पदर लावून हसत होती. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून म्हणाले, "रागावू नका वहिनी. जित्या मानसाचा आवाज काढला का त्याचं आयुष्य वाढते. तुमचं वाढवलं मी." आता त्यांच्यामुळे वाढलं की कसं ते देव जाणे, पण मी आहे आणि ते नाहीत.

मनमोहन थेटर होतं कसं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी आले तेव्हा ते उतरणीला लागलं होतं. एके काळी कापसाच्या हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसायची. बाभुळगावच्या, आर्णीच्या, दारव्ह्याच्या बैलगाड्या बाजारात येत, कापूस मोजून दिला की बैल तिथेच सोडत, आणि माणसं अंगावर कापसाचे तुकडे घेऊन तशीच थेटरात शिरत. एका तिकिटात सगळं. आधी जादूवाला, मग एका चाकाची सायकल, मग मास्तरांच्या नकला, मग कौसल्याबाईंचं गाणं, आणि शेवटी खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशाच. टिनाचं छत, लाकडी बाकं, मागे बायकांसाठी जाळी. "थंडीत समद्या पब्लिकचा वास एकच येये वहिनी, सरकीचा," मास्तर सांगत. मग टीव्ही आला, व्हिडिओ आला, हंगामही तसे राहिले नाहीत. जादूवाला नागपूरला गेला, सायकलवाल्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मनमोहनला कुलूप लागलं आणि आत कापसाच्या गाठी ठेवू लागले.

त्या थेटरची एक रीत होती. ती दुसरीकडे कुठे असल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि हे सगळं लिहायला मी बसले ते त्या रीतीपायी.

थेटरातलं कोणी मेलं, मग तो कलावंत असो, पेटीवाला असो की झाडूवाली, तर पुढचा खेळ सुरू व्हायच्या आधी दौलत मास्तर एकटे स्टेजवर येत. पब्लिककडे पाठ करून, मागच्या पडद्याकडे तोंड करून उभे राहत. तोंड दिसलं तर तो आवाज मास्तरांचा होतो, मेलेल्याचा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग ते त्या माणसाचा आवाज काढत, शेवटचा. गाणं नाही की पार्टातलं भाषण नाही. रोजचं घरातलं काहीतरी बोलणं. "खेयातला आवाज पब्लिकचा असते. तो तिकिटात गेला," ते म्हणायचे. "पन हरेकाचा एक घरचा आवाज असते. तो सोडा लागते. नाई सोडला तं मानूस अडकून राह्यते, ना इकडचा ना तिकडचा." आवाज काढून झाला की टाच एकदा फळीवर आपटायची आणि "सुटला" म्हणायचं. त्यानंतर तो आवाज मास्तरांनी जन्मात पुन्हा काढायचा नाही. जित्याचा हजार वेळा काढा, मेलेल्याचा एकदाच. थेटरात देवाच्या तसबिरीपुढे ही शपथ घ्यावी लागत असे.

म्हातारे शेठजी, म्हणजे थेटरचे मालक गेले तेव्हाची हकीकत मास्तर पुन्हा पुन्हा सांगायचे. मोठा माणूस, गावात दरारा. लोकांना वाटलं आता काही भारदस्त ऐकायला मिळणार. मास्तर पडद्याकडे तोंड करून उभे राहिले, लांबलचक खाकरले, आणि म्हणाले, "कोन हाय रे तिकडे? पाय चेपून दे बावा थोडे, लय ठनकून राह्यले." पब्लिक हसलं. हसता हसता पहिल्या रांगेत बसलेला शेठजींचा मुलगा एकदम हुंदके देऊन रडायला लागला. त्याच्या मांडीवर त्याचा लहान पोरगा होता. तो "आजोबा, आजोबा" करत पडद्याकडे बोट दाखवत राहिला. मास्तरांनी टाच आपटली. "सुटले" म्हणाले. मग जादूवाला आला आणि खेळ सुरू झाला.

कौसल्याबाई गेल्या त्या थेटरला कुलूप लागल्यानंतर. कावीळ झाली, झाडपाल्यात दिवस घालवले, आणि गेल्या. त्या मास्तरांच्या लग्नाच्या होत्या की नव्हत्या यावर गल्लीत दोन मतं होती. मयतीला यायला मात्र दोन्ही मतांच्या लोकांना वेळ नव्हता. आमच्या घरून हे गेले, सायकलवाला आला, आणखी तीनचार. मास्तर रडले नाहीत. स्मशानातून आले आणि ओट्यावर बसून खर्रा घोटत राहिले. कौसल्याबाई असत्या तर तो खर्रा त्यांनी हातातून ओढून नालीत फेकला असता. त्या एका गोष्टीवरून त्या दोघांची रोज खडाजंगी. मास्तर खर्रा तोंडात ठेवून काही बोलायला लागले की भिंतीपलीकडून बाईंचा खणखणीत आवाज यायचा, "थुका तो आंधी. मंग बोला माह्यासंग." मास्तर मुकाट्याने उठून नालीकडे जायचे. थेटरात चारशे माणसं हसवणारा माणूस घरात इतका गरीब.

तेरावं झाल्यावर मी विचारलं, "मास्तर, बाईंचा आवाज सोडायचा राहिला ना?"

"स्टेज नाई ना वहिनी. कुलूप हाय."

"शेठच्या घरी विचारा. ते काढून देतील घटकाभर."

"पाहू," ते म्हणाले. आणि पुढे कितीतरी वर्षं पाहूच म्हणत राहिले.

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत भिंतीपलीकडून बाईचा आवाज यायला लागला. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला. शब्द कळायचे नाहीत, दबकं बोलणं असायचं. आधी मास्तर, मग बाई, मग मास्तर. गल्लीला आणखी काय पाहिजे होतं? समोरच्या काकू माझ्या कानाशी लागल्या, "ठेवली वाटते म्हाताऱ्यानं कोनी. कौसल्येच्या राखेवर पानी नाई पडलं अजून." सासूबाईंनी मला त्यांच्याकडे जायची बंदी केली. मला मात्र एक कळेना. दारातून कोणी बाई आत जाताना दिसत नाही, बाहेर येताना दिसत नाही, दोरीवर एक लुगडं वाळत नाही. ही बाई राहते तरी कशी?

एकदा पाटोडीची रस्सा भाजी केली होती. कौसल्याबाईंना फार आवडायची. बंदी झुगारून वाटी घेतली आणि गेले. दार लोटलेलं होतं. आत मास्तर स्टोव्हपाशी पाटावर बसले होते, माझ्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. पुढ्यात एकच ताट. आणि कौसल्याबाई बोलत होत्या.

"मीठ कमी पडलं काय आज?"

"नाई वं. बराबर हाय."

"मंग खाऊन काहून नाई राह्यले?"

हातातली वाटी कलंडून रस्सा माझ्या पायावर सांडला. पण मास्तरांनी वळून पाहिलं आणि त्यांचं तोंड पाहून मला भाजलेलंही कळलं नाही. चोरी करताना सापडलेल्या माणसाचं तोंड होतं ते.

"वहिनी, कोनाले सांगू नका."

"मास्तर, लोकं काय म्हणतात माहीत आहे ना? बाई ठेवली म्हणतात."

"म्हनू द्या. बाई ठेवली म्हनलेलं बरं हाय. पन हे नोको." ते पाटावरून उठलेच नाहीत. "कुलूप तं बहाना हाय. मले सोडाचंच नाई तिले. सोडलं का मंग घरात कोन बोलन?"

मी फरशी पुसून दिली आणि घरी आले. गल्लीत त्यांची बदनामी चालली ती चालू दिली, कारण त्यांना तीच पाहिजे होती. थेटर बंद, पब्लिक नाही, तसबीरसुद्धा कुठे गेली ठाऊक नाही. तरी ह्या माणसाला शपथ मोडल्याची लाज बदफैली म्हणवून घेण्याहून मोठी वाटत होती. भिंतीशी भांडी घासताना मला तो आवाज रोज ऐकू यायचा. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटायचं. बाई आहे पलीकडे, असं वाटायचं.

अशी वर्षं गेली. सासूबाई गेल्या, मी रिटायर झाले. मास्तरांचं तोंड उघडेनासं झालं, मग गालात गाठ आली. ते खर्रा या गालातून त्या गालात टाकत राहिले. गाठ गळ्यात उतरली तेव्हा हे त्यांना जबरदस्तीने वर्धेकडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर माणूस कदाचित राहील, आवाज राहणार नाही. भरतीची तारीख दिली आणि परत पाठवलं.

त्या संध्याकाळी मास्तर आमच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचा स्वतःचा आवाज तोवर करवतीसारखा झाला होता.

"वहिनी, स्टेज पायजे मले."

मला लगेच कळलं. तरी मी म्हटलं, "आता कशाला मास्तर? इतकी वर्षं राहिलं ते राहिलं."

"आतालोक माह्याजवय होती, तं राह्यली. आता ते गया कापून राह्यले ना." त्यांनी रुमालावरून गळ्याला हात लावला. "तिले आत ठेऊन कापू देऊ काय?"

हे आत गेले आणि पायात चपला घालून बाहेर आले.

शेठजींचा नातू आता पन्नाशीचा आहे. थेटरच्या जागी दुकानांचं कॉम्प्लेक्स बांधणार होता. मला वाटलं वाटेला लावील. पण मास्तरांना पाहून तो खुर्चीवरून उठला. "तुमीच आमच्या आजोबाचा आवाज सोडला होता. मी बाबाच्या मांडीवर होतो," म्हणाला. कशाला पाहिजे, किती वेळ पाहिजे, काही विचारलं नाही. पाडकाम बुधवारपासून आहे, सोमवारी सकाळी या, गाठी हलवून ठेवतो, स्टेज झाडून ठेवतो. मास्तरांना मंगळवारी भरती व्हायचं होतं. जमत होतं.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. मास्तरांनी धुतलेला पायजमा घातला होता, आणि खर्रा नव्हता. कोपऱ्यावरूनच मशीनचा आवाज ऐकू आला. ठेकेदाराची मशीन लोहारा गावातल्या कामावरून लवकर मोकळी झाली होती, म्हणून गाठी हलवलेल्या पाहून त्याने रविवारीच लावून टाकली. शेठच्या नातवाने त्याला पाडकाम थांबवायचं सांगितलं नव्हतं, कारण ते चालू होईल हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. छत गेलं होतं. भिंती गेल्या होत्या. स्टेजच्या फळ्या उपटून एका बाजूला रचल्या होत्या, जळणाला नेण्यासाठी. ज्यावर फळ्या होत्या तो दगडी ओटा तेवढा उरला होता. नातू कपाळाला हात लावून उभा होता.

मी मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस इथेच बसतो. ते बसले नाहीत. रचलेल्या ढिगातली एक फळी त्यांनी ओढली. ह्यांनी दुसरं टोक धरलं. ती ओट्यावर आडवी टाकली आणि मास्तर तिच्यावर चढले. मशीनवाल्या पोराला काही समजलं नाही, पण त्याने मशीन बंद केली.

मास्तरांनी आमच्याकडे पाठ केली. मागे पडदा नव्हता, भिंतही नव्हती. पलीकडे सरळ रस्ता दिसत होता. एक ऑटो उभा होता, केळीची गाडी होती. त्या सगळ्याकडे तोंड करून ते उभे राहिले. खूप वेळ काही निघेचना. नुसती घरघर. दोन मजूर एकमेकांकडे पाहून हसले. मी देवाला म्हटलं, बाप्पा, एवढं एक निघू दे रे ह्यांच्या गळ्यातून.

आणि मग कौसल्याबाई बोलल्या. थोड्या फाटक्या आवाजात, पण त्याच.

"थुका तो आंधी. मंग बोला माह्यासंग."

रस्त्यावरचा केळीवाला आजूबाजूला पाहू लागला, बाई कुठे बोलली म्हणून. मास्तरांनी टाच आपटली. खाली दगड असल्यामुळे फळी वाजली नाही, नुसता दबका ठोका पडला. "सुटली," ते म्हणाले, स्वतःच्या करवतीच्या आवाजात. ह्यांनी हात धरून त्यांना उतरवलं. नातवाने डोळे पुसले. मशीन पुन्हा सुरू झाली.

मास्तर दवाखान्यातून परत आलेच नाहीत. ऑपरेशन झालं, पण जखम काही भरली नाही. त्यांचा आवाज सोडायला कोणी नव्हतं, आणि स्टेज तर नव्हतंच. त्यांच्या रीतीने पाहिलं तर ते अजून कुठेतरी अडकलेले आहेत. असतीलही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मंगळवारी सकाळी, ऑटोत बसताना. हातात पिशवी होती, गळ्याला रुमाल. त्यांनी मला नुसता हात केला.

पण मला आठवण राहते ती सोमवारच्या संध्याकाळची. दिवे लागले होते. मी भांडी घासायला बसले होते आणि कान भिंतीकडे होते. तिकडे स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

"चहा ठेवू काय वं?" मास्तर म्हणाले.

मी हातातली थाळी तशीच धरून थांबले. जेवढा वेळ बाईंना बोलायला लागला असता तेवढा वेळ तिकडे काहीच नव्हतं.

"बरं. साखर कमी टाकतो."

पुन्हा तेवढाच वेळ.

मग त्यांचं पाऊल दाराशी आलं. मी खिडकीतून पाहिलं. ओट्यावर आले, नालीपाशी वाकले. तोंडात काही नसताना थुंकले. आत गेले, दार लावलं.

"थुकला वं. बोल आता."